पाणंदीत रुतलेली चौकशी

२ ऑक्टोबर

बियाण्याच्या दुकानदाराने फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटावर पडून होती. आज उघडली, कारण आता लिहून ठेवण्यासारखं काही घडतंय.

टेंभुर्णीच्या रस्त्यावरचा ओढ्याचा पूल खचल्यापासून सगळ्या गाड्या आमच्या वाडीच्या पाणंदीने येतात. कोणी वळवलेल्या नाहीत. फोनमधल्या नकाशात एक बारीक रेघ दिसते, आणि शहरातली माणसं त्या रेघेवर जेवढा विश्वास टाकतात तेवढा घरच्यांवर टाकत नाहीत. ती रेघ म्हणजे माझ्या शेतालगतचा बैलगाडीचा रस्ता. काळी माती, त्यात परतीचा पाऊस. गाडी आत येते ती स्वतःच्या चाकांवर आणि बाहेर जाते ती माझ्या ट्रॅक्टरला बांधून.

आज चिखलीचं एक कुटुंब राजूरच्या गणपतीला निघालं होतं, ते रुतलं. माझा एक नियम आहे. साखळी लावण्याआधी गाव विचारायचं, आडनाव विचारायचं आणि कोणाचे कोण ते शेवटपर्यंत काढायचं. आजच्या गृहस्थांची मेव्हणी माझ्या साडूच्या गावात दिलेली निघाली. नात्यातली गाडी म्हटल्यावर फार जपून ओढली. तरी पुढचा बंपर निघून आला. कंपन्या आजकाल बंपर फार कच्चे बसवतात. मी तो स्वच्छ धुऊन त्यांच्या डिकीत ठेवून दिला.

मी कोणाकडून काही घेत नाही. नंदाला, म्हणजे आमच्या मंडळीला, हे पटत नाही. म्हणाली, "लोकाच्या गाड्या काढून राह्यले तुमी. आपलं सोयाबीन कोन काढंल?"

सोयाबीन काही चिखलात बसून लेकराबाळांसह रडत नाही, हे तिला कळत नाही.

५ ऑक्टोबर

रस्त्याच्या तोंडाशी पत्र्यावर "रस्ता बंद" असं रंगवून लावलं होतं. त्याने गाड्या वाढल्या. आमच्या भागात ही पाटी जिथे रस्ता बंद आहे तिथेही असते आणि जिथे चार वर्षांपूर्वी सुरू झाला तिथेही. त्यामुळे पाटी दिसली की माणूस पुढे जाऊन स्वतः खात्री करून घेतो. आज पाटी बदलली. "पुढे चिखल आहे. ट्रॅक्टरची सोय आहे." आता लोक निर्धास्त येतात.

शेजारचे अण्णासाहेब बांधावर उभे राहून बघत होते. त्यांचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा मोठा आणि नवा आहे. म्हटलं, तुम्ही पण एखादी गाडी काढा. म्हणाले, "माझं डिझेल काय त्या वढ्यातून येतं का?" या माणसाने आजवर कोणाला दोरखंडसुद्धा उसना दिलेला नाही.

९ ऑक्टोबर

आज नंदाचा भाऊ धर्मराज आला. आमच्या अर्पितासाठी आष्टीचं स्थळ आणलंय. मुलगा सुमित, जालन्यात बँकेत. वडील रखमाजीराव, घरची शेती, माणसं मोजूनमापून बोलणारी. अर्पिता जालन्यातच शाळेवर शिकवते, तिथल्या मस्तगड भागात मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. मुलाची बँकही तिथेच जवळपास आहे म्हणे. योगायोग.

धर्मराज जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, ते लोक आधी चौकशीला येतील. सांगून येत न्हाईत. रस्त्यात जो भेटंल त्याला इचारतील. पोरीचा बाप कसा, जमीन कशी, पानी हाय का. तुमी आठ-पंधरा दिवस फकस्त नीट ऱ्हा."

मी म्हणालो, चौकशीची माणसं मला एका मैलावरून कळतील.

नंदा फार आशेवर आहे. गेल्या वर्षी एक स्थळ असंच बाहेरच्या बाहेर परतलं. कोणी काय सांगितलं ते कळलं नाही, पण दोन दिवस तिने धड अन्न खाल्लं नव्हतं. रात्री अर्पिताला फोन लावला. एरवी स्थळाचं नाव काढलं की ती फोन ठेवून देते. आज म्हणाली, "बघा, तुमाला बराबर वाटलं तर." पोरगी किती समजूतदार झाली आहे. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

१२ ऑक्टोबर

वाईट बातमी. लाइटीचं पथक फिरतंय. पलीकडच्या गावात दोघांचे आकडे पकडले.

हे खाजगी आहे म्हणून लिहितो. माझ्या विहिरीवरच्या मोटरीला मीटर नाही. वरच्या तारेवर आकडा टाकला की चालते. अण्णासाहेबांचीही तशीच चालते आणि आणखी कोणाकोणाची ते लिहीत नाही. पथकाची माणसं म्हणे इस्त्रीच्या कपड्यात पांढऱ्या बोलेरोतून येतात, गोड बोलतात, विहीर किती खोल, मोटर कितीची, असं घरच्यासारखं विचारतात आणि मग पंचनामा करतात. पोरीच्या चौकशीच्या दिवसांत दारात पंचनामा झाला तर संपलंच. सावध राहायला हवं.

आज एक आइस्क्रीमचा टेम्पो रुतला. ट्रॅक्टरला बॅटरीने दगा दिला म्हणून उशीर झाला. सगळा माल पातळ व्हायला लागला तेव्हा टेम्पोवाल्याने तो वाडीत वाटून टाकला. अण्णासाहेबांनी घरून बादली आणली होती.

१५ ऑक्टोबर

आज मी प्रसंगावधान दाखवलं. सविस्तर लिहितो.

दुपारी पांढरी बोलेरो रुतली. आत दोन माणसं, दोघांचेही कपडे पांढरे, इस्त्रीचे. मी ट्रॅक्टर घेऊन पोचलो. साखळी काढत होतो, तेवढ्यात त्यातले वयस्क गृहस्थ हसून म्हणाले, "इथं भागवतराव कोन हायेत? वळखता का?"

पथक थेट माझ्याच नावावर आलं होतं. शेजाऱ्याचं नाव सोडून काही सुचेना. मी म्हणालो, "वळखतो की. मी अण्णासाहेब, त्याह्यचा शेजारी."

आज पहिल्यांदा मी माझा नियम मोडला. पाहुणे कुठले, हे विचारलंच नाही. सरकारी माणसाला गाव विचारून काय करायचं?

ते लगेच कामावर आले. "त्याह्यची जमीन कशी हाय?"

"पडीक."

"हीर?"

"हीर न्हाई. या भागात पानीच न्हाई."

त्याच वेळी माझ्या पाठीमागे मोटर चालू होती आणि पाणी पाटात धबाधबा पडत होतं. ते म्हणाले, "मंग हा आवाज कशाचा?" मी म्हणालो, "वढ्याचा."

मग विचारलं, माणूस कसा आहे. त्यांनी घरी जाऊ नये एवढाच माझा हेतू. म्हणून सांगितलं की तो घरी सापडत नाही, सापडला तरी बोलायच्या कामाचा नसतो, स्वतःचंच खरं करतो, बायकोचं ऐकत नाही आणि घरचं काम टाकून गावभर फिरतो. "पितात का?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, "आपन कशाला कोनाचं सांगावं?"

पथकवाले किती खोलात जातात. घरात माणसं किती, पोरगी किती शिकली, स्वभावाने कशी आहे. दंडाची नोटीस कोणाच्या नावावर काढायची ते बघत असावेत. अर्पिताचं नाव कागदावर यायला नको म्हणून मी ठणकावून सांगितलं, "पोरगी इथं ऱ्हातच न्हाई. तिचा या घराशी काई संबंध न्हाई." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जमलं होतं.

तरी माणसं चिखलात उभी होती आणि दोन वाजून गेले होते. भूक काही पथक बघून लागत नाही. माझ्या फडक्यातली भाकरी, ठेचा आणि कांदा त्यांना दिला. बांधावर बसून जेवले. वयस्क गृहस्थ म्हणाले, "अण्णासाहेब, आजकाल अशी मानसं ऱ्हायली न्हाईत." मी गाडी काढली, तोंड परत फिरवून दिलं आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत उभा राहिलो.

बंपर जागेवर राहिला, हेही नोंदवतो.

१६ ऑक्टोबर

आकडा काढून ठेवला. हरभऱ्याचं रान भिजवायचं राहून गेलं. नंदाने विचारलं, मोटर का बंद? म्हटलं, विश्रांती. आष्टीचे अजून चौकशीला कसे आले नाहीत म्हणून ती काळजीत आहे. सारखी अंगण झाडते.

१९ ऑक्टोबर

अर्पिताचा फोन आला. "बाबा, तिकडं एखादी पांढरी बोलेरो रुतली होती का हो या आठवड्यात?"

"हो. तुला कसं माहीत?"

"असंच. तिला कोनी काढलं?"

"मीच की."

"अगं आई," ती म्हणाली. मग फोन ठेवला. शहरात राहून पोरीला गाड्यांमध्ये फार रस निर्माण झाला आहे.

२३ ऑक्टोबर

लिहायला हात धजत नाही.

धर्मराज आला. मोटारसायकलवरून उतरला, पाणीसुद्धा घेतलं नाही. आष्टीकरांनी नकार कळवलाय. "दाजी, त्याह्यनी चौकशी केली. रखमाजीराव स्वतः आल्ते. हितंच पानंदीत गाडी रुतली व्हती. एका सज्जन मानसानं काढली, जेवू घातलं, आन् तुमचं सगळं सांगितलं. जमीन पडीक, हीर न्हाई, मानूस घरात टिकत न्हाई, पोरीचा आन् घराचा संबंध तुटेल हाय. अण्णासाहेब म्हनून व्हते म्हने."

मी ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिलो. नंदाने पदर खोचला आणि अण्णासाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. त्यातलं प्रत्येक वाक्य मला लागत होतं, आणि मी मान हलवून साथ देत होतो. आता सांगू, मग सांगू, असं करता करता ती अण्णासाहेबांच्या घराकडे निघालीसुद्धा. तिला वाटेत अडवलं. म्हणालो, सोडून दे, माणूस असतो असा. ती म्हणाली, "तुमी फार साधे हाव." हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही.

त्या दिवशी पोरीचं आयुष्य मी माझ्या हाताने मागे फिरवून दिलं, वळणापलीकडे जाईपर्यंत बघत उभा राहिलो आणि खूशही झालो. नंदाला कसं सांगू?

२४ ऑक्टोबर

काल वाटलं होतं याहून वाईट काही नसतं. असतं.

रखमाजीरावांनी धर्मराजकडून अण्णासाहेबांना निरोप धाडलाय. भागवताचं राहू द्या, पण ज्या माणसाने आम्हाला काढलं, घासातला घास दिला, त्यांच्या घरी लग्नाची मुलगी असेल तर बघायला येतो. आणि मुलगी आहे. अक्षता. ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळते आणि लग्नाचा विषय निघाला की आणखी जोरात पळते.

अण्णासाहेबांनी गाडी काढल्याचं त्यांनाही आठवत नाही. पण आष्टीपर्यंत आपलं नाव झालंय म्हटल्यावर खोलात शिरले नाहीत. मला म्हणाले, "मी कवाकवा करतो लोकाची मदत, ध्यानात ऱ्हात न्हाई."

संध्याकाळी त्यांनी खरोखर ट्रॅक्टर बाहेर काढला. माझ्या पाटीशेजारी स्वतःची पाटी लावली, "मोठ्या ट्रॅक्टरची सोय आहे." एक रिकामी रिक्षा रुतली होती. मी पोचेपर्यंत त्यांनी ती ओढून काढली आणि रिक्षावाल्याला चहासुद्धा पाजला. तो चहा मला बघवला नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीला अर्पिता आली. पिशवी टेकवली आणि आईसमोरच विचारलं, "बाबा, त्या मानसांना तुमी काय सांगितलं?"

"अण्णासाहेबांनी सांगितलं," नंदा म्हणाली.

"अण्णासाहेब कोनाला भाकर देत असतात का, आई?"

मग मी सगळं सांगितलं. आकडा, पथक, ओढ्याचा आवाज, पडीक जमीन. नंदा ऐकत राहिली. ती रडेल असं वाटलं होतं, चिडेल असं वाटलं होतं. ती उठून चुलीकडे गेली आणि पाठ करून बसली. हे सगळ्यात वाईट. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेलो तर लक्षात आलं की ती हसतेय आणि रडतेय, दोन्ही एकदमच.

अर्पिताला म्हणालो, मी उद्या आष्टीला जातो, पाय धरतो. ती म्हणाली, "उद्या तेच यायलेत, अण्णासाहेबांकडं. आता तुमी कुठं जाऊ नका. बांधावर ऱ्हा फक्त."

तिला सगळं कसं माहीत असतं, देव जाणे. माझ्यावर चिडली मात्र नाही. त्यामुळे मला रात्रभर झोप लागली नाही.

२८ ऑक्टोबर

काल लिहायला वेळ मिळाला नाही. आज शांतपणे लिहितो.

परवा पुन्हा पाऊस झाला होता. अण्णासाहेबांनी पाहुण्यांसाठी पाणंदीच्या कडेने मुरूम टाकून सरळ रस्ता करून ठेवला होता, स्वतःच्या खर्चाने, हे वाडीत कोणाला खरं वाटलं नसतं. बोलेरो आली. मुलगा, सुमित, गाडी चालवत होता. मुरुमाचा रस्ता डोळ्यासमोर असताना त्याने गाडी वळवली आणि बरोबर माझ्या बांधालगत, सगळ्यात खोल चिखलात घातली. बँकेत नोकरी करतो, पण रस्ता बघून गाडी चालवता येत नाही. शिक्षणाचं हे असं आहे.

अण्णासाहेब फेटा बांधून मोठ्या ट्रॅक्टरवर आले. जोरात ओढायला गेले आणि ट्रॅक्टरची मागची चाकं निम्मी आत गेली. आता दोन्ही रुतले. मी विहिरीच्या आडोशाला होतो. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती.

अर्पिता आली. नवा ड्रेस घातला होता आणि खांद्यावर साखळी. "चला बाबा," म्हणाली. साखळी तिने आधीच काढून ठेवली होती.

आम्ही गेलो. मला बघून रखमाजीरावांचा चेहरा उजळला. "या या, अण्णासाहेब. आमचं नशीब, तुमीच पायजे व्हता."

ट्रॅक्टरवरच्या खऱ्या अण्णासाहेबांनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोणी आहे का.

त्या वेळी अजूनही खोटं बोलता आलं असतं. गाडी काढून देऊन निघून जाता आलं असतं. पण अर्पिता वाकून साखळीचा हुक अडकवत होती. चिखल तिच्या नव्या ड्रेसवर उडाला होता. मी ट्रॅक्टर बंद केला आणि म्हणालो, "अण्णासाहेब ते. मी भागवत. तुमी लाइटीवाले वाटलात मला."

मग रखमाजीरावांनी एकेक करून विचारलं, जसं त्या दिवशी विचारलं होतं.

"मंग हीर?"

"हाय."

"जमीन?"

"बागायत हाय. आकडा टाकून भिजवत व्हतो. काढलाय आता."

"पोरगी?"

"ही."

अर्पिताने चिखलाचे हात मागे लपवले आणि खाली बघितलं.

दोन्ही वाहनं काढली. रखमाजीराव मला एवढंच म्हणाले, "पयलं त्याह्यच्याकडं जातो. शब्द देल्ता." बरोबरच होतं. पाहुण्याने ठरलेल्या घरी आधी जावं. आम्ही घरी आलो. नंदाने उगाचच चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. अर्पिताने हातपाय धुतले, पण ड्रेस बदलला नाही. मी ओसरीवर बसलो. मुरुमाच्या रस्त्याकडे बघून मला वाटलं, आता ते त्या बाजूनेच निघून जातील आणि मला ते जन्मभर बघवणार नाही.

पण ते आले. अण्णासाहेबही बरोबर होते. अक्षताने पोह्यांची बशी ठेवतानाच सांगून टाकलं म्हणे की मी भरतीत निवड झाल्याशिवाय लग्न करणार नाही, पोहे मात्र खाऊन जा. अण्णासाहेब माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं खरं दुःख मुरुमाचं असावं.

रखमाजीराव ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "हं. आता चौकशी करू. हा भागवत कसा मानूस हाय?"

माझ्याकडेच बघत होते. मी घसा साफ केला आणि या वेळी खरंखरं सांगायला लागलो. घरी सापडत नाही. स्वतःचंच खरं करतो. बायकोचं ऐकत नाही. घरचं काम टाकून लोकांच्या गाड्या काढत फिरतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी विहीर, जमीन आणि पोरगी सोडली तर मी फारसं खोटं बोललोच नव्हतो. दारातून नंदा म्हणाली, "हे सगळं बराबर हाय. पित मात्र बिलकुल न्हाईत."

रखमाजीराव हसले. हसताना त्यांचं पोट हलतं. म्हणाले, "दोन पोरी देल्या, एक सून आनली. पन्नास घरी चौकशी केली आसंल. समदे आपली तारीफ करनारेच भेटले. सोताची बदनामी करनारा तुमीच पयले. दुसरं कोनी खोटं बोलून आमाला फसवलं तर खपवून घेतलं नसतं. पन तुमी घासातला घास देला, तोबी आमाला लाइटीवाले समजून. लाइटीवाल्याला जेवू घालनारा मानूस आमाला पायजे." मग जरा थांबून म्हणाले, "आता पोरायलाबी इचारा. त्याह्यची तर आजच भेट हाय."

तेव्हा मला रडू आलं. लपवलं नाही. नंदा माझ्याजवळ येऊन उभी राहिली, सगळं सांगितल्यापासून पहिल्यांदा.

अर्पिता चहा घेऊन आली. सगळ्यांना आमच्या पद्धतीचा गोड चहा. सुमितला तिने ताटातला वेगळा कप उचलून दिला, बिनसाखरेचा, काही न विचारता. त्यानेही काही न विचारता घेतला आणि दोघं चहात काहीतरी पडल्यासारखं खाली बघत राहिली. नंदाने तोंडाला पदर लावला. रखमाजीराव एकदा मुलाकडे आणि एकदा कपाकडे बघत बसले.

पाहुणे गेल्यावर मी नंदाला म्हटलं, बघ, पहिल्याच भेटीत पोरीने नुसत्या अंदाजाने ओळखलं की त्याला साखर चालत नाही. ही पारख तिला माझ्याकडून आली आहे.